दादाचा जी.आय.जो आणि माझा मावळा

मागच्या दिवाळीत भाच्याने किल्ला केला होता, आणि पुण्यातल्या कसबा पेठेच्या कुंभारवाड्यातून आणलेले मावळे मांडता मांडता तो मला म्हणाला, "आत्या, हा सारखा तलवार वर करूनच उभा आहे, ह्याचा हात नाही दुखत?" मी आपली बोलून गेले की पुढच्या वर्षी मी तुला हात खाली करता येणारा मावळा करून देते. बोलले आणि विसरले. तो नाही विसरला. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि पहिल्याच रविवारी आल्या आल्या विचारलं, झाला का मावळा.

आता मुळापासून काहीतरी घडवणं आपल्याला जमणार नव्हतं, पण आईकडे माळ्यावर श्रीखंडाच्या एका मोठ्या डब्यात दादाचे जी.आय.जो होते, म्हणजे हातपाय हलणारे अमेरिकन सैनिक, खेळण्यातले. इथल्या फनस्कूल कंपनीचे, नव्वदच्या दशकातले, पावणेचार इंची. लहानपणी मला त्यांना हात लावायची परवानगी नव्हती आणि मी चुकून बाहुल्या म्हंटलं तर तो भडकायचा, बाहुली नाही, अ‍ॅक्शन फिगर म्हण. नंतर कधीतरी वाचलं की त्याची काही चूक नव्हती, हॅस्ब्रो ह्या अमेरिकन कंपनीने १९६४ मध्ये पहिला जी.आय.जो काढला तो चांगला बारा इंची, कपडे बदलता येणारा, म्हणजे बाहुलीच की, पण मुलांसाठी बाहुली कोण घेणार म्हणून त्याला अ‍ॅक्शन फिगर हे नाव दिलं. आपल्याकडे आले ते १९८२ पासूनचे छोटेवाले.

एक आधीच सांगते, जुने फनस्कूलचे जो चांगल्या अवस्थेत असतील तर त्यांना रंग लावायच्या भानगडीत पडू नका. बाहेरच्या देशातले कलेक्टर ते हौसेने शोधतात, कारण इथल्यांचे रंग तिकडच्यांपेक्षा वेगळेच, कुणाची पँट भलतीच तर कुणाचा शर्ट भलताच. मी डब्यातला सगळ्यात गेलेला एक उचलला, उजव्या हाताचा अंगठा तुटलेला, तोंडाचा रंग पूर्ण उडालेला, कमरेतलं रबर सुटून दोन तुकडे झालेला. दादाला विचारलं नाही. हे महत्त्वाचं आहे, पुढे येईल.

पण त्याच्याआधी सरावाला म्हणून बाजारातून एक सहा इंची सुपरहिरो आणला, बिननावाचा, स्वस्तातला, म्हंटलं हा बिघडला तरी हरकत नाही. आणि तो असा बिघडला की विचारू नका.

माझ्या डोक्यात रंग निवडणं म्हणजे कुठला निळा, कुठला भगवा एवढंच होतं. हार्डवेअरच्या दुकानात गेले, स्प्रेचा डबा घेतला, दुकानदार म्हणाला लोखंड, लाकूड, प्लास्टिक सगळ्यावर चालतो. गॅलरीत वर्तमानपत्र पसरलं, फुस्स करून मारला, काय सुंदर दिसत होता, एकसारखा, चकचकीत. संध्याकाळी हात लावला तर चिकट. म्हंटलं पावसाळा आहे, वेळ लागेल. दुसऱ्या दिवशी चिकट. आठवड्याने चिकट. पंधरा दिवसांनी उचलायला गेले तर पाठीला वर्तमानपत्र घेऊनच उठला, आणि आजही त्या सुपरहिरोच्या पाठीवर उलट्या अक्षरात अर्धी जाहिरात वाचता येते.

मग शोधाशोध केली तेव्हा कळलं की भानगड पावसाची नव्हतीच. ही मऊ खेळणी पीव्हीसीची असतात आणि पीव्हीसी मुळात कडक, ते मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घातलेलं असतं. ते काही आत गप्प बसत नाही, हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि वर जर सॉल्व्हंटवाला, म्हणजे पाण्याऐवजी थिनरसारख्या द्रवातला रंग असेल, स्प्रे म्हणा किंवा गेटला मारतात तो ऑइलपेंट म्हणा, तर त्याला वाळूच देत नाही. वर्षभर ठेवला तरी बोट लावलं की ठसा उठणार. पाण्यावरचे अ‍ॅक्रिलिक रंग तिथे चालतात. आणि कडक प्लास्टिक म्हणजे एबीएस असेल तर ही कटकट नाही, तिथे स्प्रे प्रायमर, म्हणजे रंग नीट धरावा म्हणून आधी द्यायचा थर, चालतो, फक्त जाड मारला तर त्यातलं सॉल्व्हंट प्लास्टिकलाच खातं. म्हणजे आधी खाली काय आहे ते ओळखायचं आणि मग रंगाच्या दुकानात जायचं, मी नेमकं उलटं केलं. ओळखायची माझी पद्धत अगदी घरगुती आहे, नख दाबायचं, ठसा क्षणभर राहिला तर मऊ, नाहीतर टेबलावर आपटायचं, टक्क वाजलं तर कडक, थप्प वाजलं तर मऊ. एकाच बाहुलीत (सॉरी दादा) दोन्ही असू शकतात, आमच्या जोचं अंग, हात, पाय टक्क आणि डोकं थप्प.

सुपरहिरोचा चिकटा काढायला मी नेलपॉलिश रिमूव्हर घेतलं. त्यात अ‍ॅसिटोन असतं. कापूस नाकावरून एकदा फिरवला, दुसऱ्यांदा फिरवला आणि नाक कापसावर आलं. तिसऱ्यांदा फिरवायची गरज पडली नाही. त्यामुळे रंग काढायला अ‍ॅसिटोन नको, थिनर नको, आयसोप्रोपाइल अल्कोहोल घ्या, मोबाइल रिपेअरवाल्यांच्या सामानात मिळतं. झाकणाच्या बाटलीत बुडवायचं, पण रात्रभर विसरायचं नाही, अर्ध्या-एक तासाने काढून जुन्या टूथब्रशने घासायचं, उरला तर परत. खिडकी उघडी, हातात ग्लव्हज आणि गॅसपासून लांब, कारण ते भसकन पेटतं.

तर हे शिक्षण घेऊन जुलैमध्ये जोकडे वळले. पावणेचार इंचीवाल्यांचं एक फार चांगलं आहे, पाठीत एक स्क्रू असतो, घड्याळवाल्याच्या छोट्या स्क्रूड्रायव्हरने तो काढला की छाती, पाठ, हात, डोकं, कंबर सगळं सुटं. आत कमरेला धरून ठेवणारं एक काळं रबरी वायसर असतं, ओ रिंग म्हणतात, आणि इतक्या वर्षांत ते बिस्किटासारखं तुटतंच. बोहरी आळीत नळाच्या सामानाच्या दुकानात जुन्याचे तुकडे जुळवून दाखवले, दुकानदाराने "गिझरला का?" विचारलं, मी हो म्हंटलं, काय सांगत बसणार.

सुटे भाग भांड्याच्या साबणाने, कोमट पाण्यात, टूथब्रशने धुतले. हे सगळे टाळतात आणि मग रंग सोलून निघाला की रंगाला शिव्या देतात. नव्या खेळण्यावर साच्यातून सुटायला लावलेला तेलकट थर असतो, जुन्यावर आपल्या हाताचं तेल असतं, आणि आमच्या जोवर तर श्रीखंडाच्या डब्यातलं काय काय असेल. धुतल्यानंतर बोट लावायचं नाही, मी तर प्रत्येक तुकडा मागच्या बाजूने निळ्या पुट्टीने जुन्या स्केचपेनच्या टोकाला चिकटवून टाकला, म्हणजे धरायला दांडी झाली.

मग कातरकाम. अमेरिकन सैनिकाच्या छातीवर ग्रेनेड असतो, मांडीला पिस्तुलाचं पाकीट असतं, आणि ते घेऊन मावळा कसा करणार. कटरने सगळं तासलं, चारशे नंबरच्या पॉलिश पेपरने घासलं, मग हजारच्या. तुटलेला अंगठा आणि डोक्यावरची पगडी एमसीलची, पगडीसाठी एमसीलच्या बारीक शेवया वळून एकमेकांवर पीळ देत गुंडाळल्या, भराभर करावं लागतं कारण ते थोड्या वेळात ऐकेनासं होतं. अंगरख्याचा घेर आईच्या जुन्या मलमलच्या साडीचा, पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून चुण्या पाडून चिकटवला. ढाल करायला बरेच उद्योग केले, शेवटी आजोबांच्या कोटाचं मोठं काळं बटण सापडलं, चार भोकांचं. मराठा ढालीवर मध्यभागी चार फुलं असतात ना, ती बरोब्बर त्या चार भोकांवर बसली. एवढा आनंद मला पगारवाढीचा पण झाला नव्हता.

आता रंग. घरात होते पोस्टर कलर, ते बादच, वाळले की भेगा पडतात आणि ओला हात लागला की उतरतात. मग फेव्हिक्रिलच्या छोट्या बाटल्या होत्या, कापडावर काढायच्या. लोक त्यांना नावं ठेवतात, पण माझं मत वेगळं आहे, दाट असतात म्हणून थेट लावले तर ब्रशच्या रेघा उमटतात आणि नुसत्या प्लास्टिकवर लावले तर सायीसारखे सोलून निघतात, पण खाली प्रायमर असेल आणि पाणी घालून दुधाइतके पातळ केले तर काम करतात, आणि आमच्या मलमलीच्या घेरावर तर त्यांच्यासारखं दुसरं काही बसलं नाही, कारण ते कापडाचेच रंग. अंगाच्या रंगासाठी कॅम्लिनच्या आर्टिस्ट अ‍ॅक्रिलिकच्या ट्यूब आणल्या अप्पा बळवंत चौकातून. आणि खास मॉडेलसाठीचे मिळतात ते, स्पेनचे व्हॅलेहो, जपानचे तामिया, ते आपल्याला सगळे परवडत नाहीत, एका बाटलीत इकडचा अर्धा सेट येतो. पण फरक दिसतो हे खरं, त्यातली रंगाची पूड इतकी बारीक दळलेली असते की पातळ थरातसुद्धा खालचं झाकलं जातं आणि कोरीव काम बुजत नाही. तामियाबद्दल एक लक्षात ठेवा, तो अ‍ॅक्रिलिक असला तरी त्यात अल्कोहोल असतं, त्याचा स्वतःचा थिनर वापरायचा आणि ब्रशने परत परत त्याच जागी फिरवायचं नाही, नाहीतर खालचा थर उचलून येतो. ब्रशवाल्यांनी व्हॅलेहो घ्यावा. मी व्हॅलेहोच्या तीनच घेतल्या, काळा, आयव्हरी आणि मॅट वॉर्निश, बाकी सगळं देशी.

त्या आयव्हरीची पण एक गंमत झाली. बाटली हलवताना आत नीट मिसळावं म्हणून लोक छोटी स्टीलची गोळी टाकतात, मी सायकलच्या दुकानातून छर्रा आणून टाकला. तो स्टेनलेस नव्हता. पंधरा दिवसांत आत गंजला आणि माझा महागडा आयव्हरी कटिंग चहासारखा झाला. आधी डोळ्यात पाणी आलं, मग तो एका कागदावर ओढून बघितला आणि लक्षात आलं की अरे, हाच तर पाहिजे! गड चढून उतरून, घामाने, धुळीने मळलेला अंगरखा पांढरा शुभ्र असेलच कसा. दुकानातल्या मावळ्यांचे कपडे आताच इस्त्री करून आल्यासारखे असतात, मला ते कधीच पटलं नाही. तो गंजका आयव्हरी बहुतेक सगळा अंगरख्याला गेला आणि नंतर दुसऱ्या बाटलीत मुद्दाम करायला गेले तर तसा काही केल्या जमला नाही.

पांढरट रंगाचं म्हणजे अवघडच असतं. आमचा जो मुळात गडद हिरवा. पहिल्यांदा मी थेट आयव्हरी लावला, तो मुगाच्या वरणासारखा दिसायला लागला, म्हणून जाड लावला, तर चुण्यांमध्ये तुंबला आणि छातीच्या कोरीव रेघा गायब. धुतला. मग करड्या प्रायमरचा अगदी हलका हात. गाड्यांच्या रंगाच्या दुकानातला स्प्रे, मांडीच्या आतल्या बाजूला आधी थोडा मारून बघितला, प्लास्टिक विरघळत नाहीये ना ते, मग वीत-दीड वीत अंतरावरून झरझर. आणि डोकं मऊ असल्यामुळे त्याला स्प्रे नाही, ब्रशने लावायचा पाण्यावरचा प्रायमर. करड्यावर आयव्हरीचे सहा थर लागले. एकेक थर इतका पातळ की पहिल्या दोनांना काही झालंय असं वाटतच नाही, आणि इथेच माणसाचा धीर सुटतो. माझी आई शेजारी निवडणं करत बसायची, ती म्हणायची, "अगं रंग लावत्येस का नुसतं पाणी?" तिसऱ्या थराला खालचं झाकायला लागतं, सहाव्याला कापड दिसायला लागतं. प्रत्येक थरामध्ये निदान वीस मिनिटं, पावसाळ्यात जास्त, आणि हेअर ड्रायर लावलात तर थंड हवेवर, मी गरमवर लावला आणि पगडीच्या कडेचा रंग फुगला.

रंग ताटलीत काढून ठेवला की पाच मिनिटांत वाळतो, त्यासाठी एक जुगाड मस्त आहे. चपटा झाकणाचा डबा, त्यात ओला किचन टिश्यू, त्याच्यावर बटर पेपर, आणि रंग त्या कागदावर. खालून पाणी झिरपत राहतं, रंग दुसऱ्या दिवशीपर्यंत ओला. फक्त कागद बेकिंगवाला पाहिजे, मी आधी मेणकागद लावला होता आणि त्यातून थेंबभर पाणी वर आलं नाही.

अंगाच्या रंगाने माझा अख्खा शनिवार घेतला. लहानपणी रंगाच्या पेटीत 'स्किन कलर' नावाची गुलाबीसर वडी असायची आठवतंय का, आम्ही सगळे त्याने आई-बाबा रंगवायचो आणि आमच्या घरात त्या रंगाचं कुणी म्हणजे कुणी नव्हतं. मॉडेलच्या रंगांमध्येसुद्धा फ्लेश म्हणून जे पटकन हाताला येतं ते तसंच. म्हणून मी मिसळला, बर्न्ट सिएना दोन भाग, यलो ऑकर दोन, पांढरा एक आणि टाचणीच्या टोकावर मावेल एवढा अल्ट्रामरीन निळा. निळा का तर त्याच्याशिवाय तो रंग मातीच्या कुंडीसारखा भगभगीत दिसतो. मिसळून मी तो स्वतःच्या मनगटावर लावून बघितला, बरोब्बर जुळला, खूश झाले, लावला, आणि वाळल्यावर एक छटा गडद. अ‍ॅक्रिलिक वाळताना गडद होतो हे तोपर्यंत मला माहीत नव्हतं. पण तो तसाच ठेवला आणि त्यातच थोडा ऑकर-पांढरा घालून नाकाचा शेंडा, गालाची हाडं, कपाळ, हाताच्या पेरांवर हलका दिला. सावली वेगळी काढायचीच गरज पडली नाही, खालचा गडद आपोआप सावली झाला. भाचा बघून म्हणाला, "हा आजोबांसारखा दिसतोय." आजोबा पेपर वाचत होते, त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "मी एवढा काळा नाहीये." आहेत.

मिशी नुसत्या काळ्याने काढू नका, चिकटपट्टीची वाटते. काळ्यात बर्न्ट अंबर घाला.

डोळ्यांपाशी मी अडकले. सगळं डोकं मिळून पाऊण इंचाच्या आत, त्यात एक डोळा म्हणजे मोहरीपेक्षा लहान. मी सगळ्यात बारीक, ट्रिपल झीरोचा ब्रश आणला होता आणि तो हातात घेऊन बसले तर टोकावरचा रंग चेहऱ्यापर्यंत पोचेपर्यंत वाळलेला असायचा. तीनदा पुसलं. मावळा कधी चकणा, कधी भूत बघितल्यासारखा.

तोवर ऑगस्ट आला होता आणि आमच्या गल्लीच्या टोकाला गणपतीचा कारखाना लागला होता, पेणहून कच्च्या मूर्ती आणून इथे रंगकाम करतात. तिथे एक काका आखणीला बसतात. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणं, बाकी रंग कुणीही देईल पण आखणी सगळ्यांना देत नाहीत. मी खिशातून पावणेचार इंची सैनिक काढला, पगडीवाला आणि बिनडोळ्याचा. मला वाटलं हसतील. ते नाही हसले, चष्मा बदलला, उजेडाकडे धरून बघितलं आणि म्हणाले, "ताई, ब्रश फार बारीक घेतलाय तुम्ही." मी म्हंटलं डोळा बारीक आहे ना. तर म्हणाले, "टोक बारीक पाहिजे, पोट नाही. पोटात रंग राहिला तर टोकाला मिळणार ना." मग स्वतःचा ब्रश दाखवला, चांगला जाडसर, पण ओला करून फिरवला की सुईसारखं टोक. मग त्यांनी करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवली, श्वास सोडला आणि श्वास सोडल्यानंतरच्या त्या थांबलेल्या क्षणात एक रेघ ओढली. वरची पापणी. एकाच दमात, मागे न फिरता. "आधी ही. मग पांढरं. मग बुबुळ, पण बुबुळ मध्ये ठेवायचं नाही, ह्या वरच्या रेघेला टांगायचं. मध्ये ठेवलं की घाबरलेला दिसतो." माझ्या पुसलेल्या तिन्ही मावळ्यांचं निदान त्यांनी न बघता केलं.

घरी येऊन दोन नंबरचा, चांगल्या केसांचा एक ब्रश घेतला, तेवढ्या एकावरच पैसे घातले. सिंथेटिकचं टोक थोड्या दिवसांत मांजराच्या नखासारखं वळतं, ते मोठ्या भागांना ठेवायचे. रंगात ग्लिसरीनचा इवलासा थेंब, म्हणजे जरा सावकाश वाळतो. आणि अंगाचा रंग पूर्ण वाळल्यावर त्याच्यावर आधी ग्लॉस वॉर्निशचा एक थर देऊन टाकला, तो घट्ट झाला की मग डोळे. त्यामुळे रेघ चुकली तर ओल्या टूथपिकने पुसता येते आणि खालचा चेहरा शाबूत राहतो. करंगळी टेकवायला चेहरा पुरत नव्हता, म्हणून दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवून, कोपरं टेबलावर. चौथ्यांदा जमलं. शुद्ध पांढरं न वापरता तोच गंजका आयव्हरी वापरला डोळ्यात, शुद्ध पांढऱ्याने डोळे बल्बसारखे पेटतात. डावा डोळा अजूनही जरा बारीक आहे, पण तो उन्हात बघतोय असं मी सगळ्यांना सांगते.

तलवारीला चंदेरी रंग लावून बघितला तर खेळण्यातली दिसायला लागली, म्हणजे ती होतीच खेळण्यातली पण तरी. मग काळा रंग दिला आणि सिक्स बी पेन्सिलीचं शिसं पॉलिश पेपरवर घासून ती पूड बोटाने चोळली. पोलाद! खरंच, हात लावून बघावंसं वाटतं. ढालीच्या फुलांना मात्र सोनेरी, आणि सोनेरी-चंदेरीचा ब्रश धुवायचं पाणी वेगळं ठेवा, नाहीतर त्यातली चमक सगळीकडे जाते, माझ्या मावळ्याच्या मिशीत अजून दोन कण आहेत.

शेवटी मळवायचं काम, बर्न्ट अंबर पाण्यासारखा पातळ करून चुण्यांमध्ये सोडायचा, तो स्वतःच खाचेत जाऊन बसतो. पाणी जास्त झालं की कडेला चहाच्या कपाचे डाग पडतात तसे पडतात, ते ओलं असतानाच कोरड्या ब्रशने टिपायचे. पायाच्या बाजूला जास्त, खांद्याला कमी.

आणि मग सांधे. सगळं जोडलं, स्क्रू आवळला, भाच्यासमोर दिमाखात हात वर केला आणि कोपरात कर्रर्र. आतला हिरवा जो बाहेर. जिथे प्लास्टिकवर प्लास्टिक घासतं तिथे जगातला कुठलाच रंग टिकत नाही, तो थर जास्त झालेला असतो तेवढी जागाच मुळात तिथे नसते. परत सुटा केला, कोपराच्या दोन्ही आतल्या बाजू हजार नंबरने रंगाच्या थराएवढ्या उतरवल्या, पाण्याचा एकच अगदी पातळ थर म्हणावा असा रंग दिला आणि आठवडाभर हात हलवला नाही. अ‍ॅक्रिलिक वरून तासात वाळला तरी आतून घट्ट व्हायला दिवस लागतात. आता बरं आहे, पूर्ण दुमडला तर बारीक हिरवी रेघ दिसते.

वॉर्निशला पण एक फटका बसायचा होता. मॅट स्प्रे वॉर्निश कुणाकडून तरी मागून आणला आणि सप्टेंबरात, पाऊस नुकताच थांबला होता तेव्हा मारला. दहा मिनिटांत पगडी, मिशी, ढाल सगळ्यावर पांढरी बुरशी चढल्यासारखी. हवेत दमटपणा असला की असं होतं, पाण्याची वाफ त्या थरात अडकते. मी दिवाणावर आडवी झाले. मग संध्याकाळी ग्लॉस वॉर्निशचा एक पातळ हात ब्रशने दिला तर पांढरेपणा बराचसा गेला, आणि चार दिवसांनी कडक ऊन पडल्यावर ब्रशनेच व्हॅलेहोचा मॅट. पुण्या-मुंबईत जून ते सप्टेंबर वॉर्निशचे स्प्रे कपाटात ठेवावेत, ब्रशवर भागवावं. कोकणात असाल तर ऑक्टोबर पण सोडा.

दिवाळीत किल्ला झाला, मोहरी आणि अळीव उगवले, मावळा दरवाज्यापाशी उभा राहिला. मातीच्या मावळ्यांच्या शेजारी तो दीडपट उंच दिसत होता, भाचा म्हणाला हा सरदार आहे, प्रश्न मिटला. दिवसातून दहा वेळा हात वर, हात खाली.

भाऊबीजेला दादा आला. किल्ला बघायला उकिडवा बसला, मावळा उचलला, अरे वा म्हणाला, कुठून आणला म्हणाला, डोळे बघितले, ढाल बघितली, बटण ओळखलं. "आजोबांच्या कोटाचं ना?" मी हो म्हंटलं आणि फराळाचं ताट आणायला उठले. मागून आवाज नाही आला म्हणून वळून बघितलं तर त्याने तो पालथा केला होता आणि अंगरख्याचा घेर वर करून पाठीतल्या स्क्रूकडे बघत होता.

"बाकीचे कुठायत?"

मी म्हंटलं माळ्यावर, तसेच, हात नाही लावला.

"एकाचा गुडघा तुटलाय बघ त्यातला," तो म्हणाला, "त्याचा तोफेवाला होईल."